आत्याचा कॉम्प्युटर: साफसफाईच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

गुरुवारी आत्याचा फोन आला होता. "कॉम्प्युटरला पाच व्हायरस झालेत असं तोच सांगतोय आणि औषधही तोच विकतोय. तू येऊन बघ." तुळशीचं लग्न लागलं की तिच्याकडे लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करायला यायला लागतो. म्हणजे हाताशी तीन आठवडे, त्यात लोटे इथल्या कारखान्यातली माझी शिफ्ट, वर दिवाळी. आज दुपारी चिपळूणला पोचलो.

यंत्र असं: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डबा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आधीचा सीपीयू चिखलात गेला, तेव्हा दिवाळीच्या सुमाराला हा घेतला. दुकानदाराने "सगळं टाकून दिलंय, काही बघायला नको" असं सांगून दिला होता.

तक्रारी तीन. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकट येते. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच शोधपान समोर येतं. आणि आत्याच्या शब्दांत, "हा दिवसभर घोरतो."

घोरणं आधी धरलं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि पंखा हळूहळू शांत झाला. प्रोसेसर ६ टक्के. बंद केला, मिनिटभरात पुन्हा घरघर. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. कारखान्यात साहेब शेडमध्ये शिरले की हातातला मोबाइल खिशात घालणारे असतात, त्यातला प्रकार. मग टास्क मॅनेजर न उघडता कमांड प्रॉम्प्टवर टाइपपर्फ लावलं आणि दर पाच सेकंदांनी प्रोसेसरचा आकडा फाइलीत लिहायला सांगून चहा प्यायला गेलो. परत येऊन फाइल उघडली तर ७१, ७४, ७३, ७४. कोणीच काही करत नसताना. म्हणजे आत्याच्या विजेवर कोणीतरी क्रिप्टो नाणी खणत बसलंय.

नेटची केबल काढली. हे खरं तर दारातून आत आल्या आल्याच करायला हवं होतं.

केबल काढल्यावर पासवर्डचं काम, पण या यंत्रावर नाही, माझ्या फोनवर. क्रोममध्ये आत्याचे सगळे पासवर्ड साठवलेले आहेत, आणि असली चोरटी सॉफ्टवेअर पहिला हात तिथेच मारतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ब्राउझरमध्ये लॉगिनची जी खूणचिठ्ठी राहते ती चोरली असेल, तर चोराला पासवर्ड लागतच नाही. म्हणून जीमेलचा पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी लावली आणि "तुमची डिव्हाइस" मध्ये जाऊन एकूण एक यंत्रावरून साइन आउट केलं. यादीत अनोळखी काही नव्हतं. आत्याचा २०२१ चा बुडालेला फोन मात्र तिथे अजून जिवंत होता.

बँकेचं काही या कॉम्प्युटरवर करतेस का, विचारलं. नाही म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "एकदा मात्र फोन केला होता." जून महिन्यात लाल चौकटीतल्या नंबरवर. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलला, एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं, आकडे विचारले, माउस आपोआप हलायला लागला. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे कॉम्प्युटर धाडकन बंद. माणसाने पुन्हा चार वेळा फोन केला, पण आत्या तोवर भाजीला गेली होती. महावितरणचे आभार मानायची वेळ क्वचित येते.

तिला एकच गोष्ट सांगितली. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला की ती सूचना खोटी. आणि पैसे गेलेच तर घरातल्यांशी चर्चा करत न बसता आधी सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला फोन.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सहापासून खोदकाम. पुरानंतर घरातला गाळ काढताना जसे थर लागत होते तसंच झालं.

सगळ्यात वरचा थर ताजा, सप्टेंबरचा. काढून टाकायच्या सॉफ्टवेअरची यादी उघडून तारखेप्रमाणे लावली. एकाच दिवशी, सात मिनिटांच्या आत चार नोंदी: एक "ड्रायव्हर अपडेट करणारं", एक "पीसी वेगवान करणारं", एक शोधपट्टी आणि एक मराठी फॉन्टचा इन्स्टॉलर. आत्याला आठवलं. प्रेसवाल्याला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये लागतो, तो फॉन्ट नेटवर शोधला, एका पानावर डाउनलोडची पाच हिरवी बटणं होती, त्यातलं मोठं दाबलं. मग "नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री". खरं बटण बहुधा सगळ्यात बारीक अक्षरातलं असतं.

ही गोष्ट तिला फाइल दाखवून समजावली, कारण ती पुन्हा फॉन्ट शोधणारच. फॉन्ट म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ अशा शेपटाची फाइल. उजवं क्लिक करून बसवायची. फॉन्ट जर ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, होऊन आला तर तो फॉन्ट नव्हे. अडचण अशी की विंडोज ही शेपटं मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे "पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई" नावाची फाइल तिला नुसती "पत्रिका.पीडीएफ" दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू उघडून फाइल नेम एक्स्टेंशन्सवर खूण केली. "अय्या, सगळ्यांना आडनावं आली!" ही तिची प्रतिक्रिया. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

कोपऱ्यातली लाल चौकट व्हायरस नव्हतीच. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या १९ साइट होत्या. "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं एखाद्या पानाने म्हटलं आणि आत्याने दाबलं, एवढंच. सगळ्या काढल्या. जून महिन्यातला दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅमही यादीत होता, तोही काढला.

शोधपान मात्र हटेना. ते आणणाऱ्या एक्स्टेंशनसमोर (ब्राउझरला जोडलेल्या पुरवणीसमोर) "काढा" हे बटणच नाही, आणि क्रोम म्हणतंय की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. आत्याची संस्था कोणती? महिला मंडळ. विंडोजच्या सगळ्या सेटिंगची वही म्हणजे रजिस्ट्री, तिच्यात पॉलिसीजखाली कोणीतरी ते एक्स्टेंशन सक्तीने बसवायची ओळ लिहून ठेवली होती. कंपन्या कर्मचाऱ्यांच्या यंत्रांसाठी जी सोय वापरतात तीच. ती ओळ उडवली, क्रोम बंद करून उघडलं, एक्स्टेंशन गेलं.

त्याखालचा थर एप्रिल २०२४ चा. इथे ऑटोरन्स वापरलं. विंडोज सुरू होताना जे जे आपोआप उठतं त्याची संपूर्ण यादी एका खिडकीत दाखवणारं हे सिसइंटर्नल्सचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर. मार्क रुसिनोविच यांनी सोबत्याबरोबर १९९६ मध्ये सुरू केलेला हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला. हेच रुसिनोविच २००५ मध्ये स्वतःचा कॉम्प्युटर तपासत असताना त्यांना सोनी बीएमजीच्या गाण्याच्या सीडीने गुपचूप बसवलेलं रूटकिट (विंडोजपासूनही लपून बसणारं सॉफ्टवेअर) सापडलं होतं. पैसे मोजून आणलेल्या सीडीतून! म्हणून "मी तर फुकटचं काही घेतच नाही" म्हणणाऱ्यांचं मला नेहमी थोडं हसू येतं.

यादीत गुलाबी ओळी म्हणजे ज्यांच्यावर निर्मात्याची सही नाही त्या. अशा सहा होत्या. पाच निरुपद्रवी, जुन्या प्रिंटरच्या. सहावी शेड्यूल केलेल्या कामांमध्ये, नाव अगदी विंडोज अपडेटसारखं, पण फाइल प्रोग्रॅमडेटातल्या एका लपवलेल्या फोल्डरात. लॉगिन झालं की उठायचं आणि दर तासाला जिवंत आहे ना ते बघायचं. हाच घोरणारा.

मग प्रश्न असा की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, दीड वर्ष काय करत होता? त्याची सेटिंग उघडली. सगळीकडे हिरव्या खुणा, सगळं आलबेल. खाली एक्सक्लूजन्समध्ये गेलो तर एकच ओळ. संपूर्ण सी ड्राइव्ह. राखणदार पगारावर, फाटकावर उभा, फक्त घराकडे बघायचं नाही असं त्याला सांगून ठेवलेलं. त्याची सेटिंग कोणी बदलू नये म्हणून असलेलं टॅम्पर प्रोटेक्शनही बंद.

हे केलं कोणी, ते सगळ्यात खालच्या थरात मिळालं. नोव्हेंबर २०२१ चा फोल्डर, म्हणजे दुकानातून आला त्याच आठवड्यातला. विंडोज आणि ऑफिस चोरून चालू करणारा अॅक्टिव्हेटर. तो चालावा म्हणून आधी डिफेंडरचे डोळे बांधायचे, ही त्याची पद्धतच असते. हे काम झालं की दुकानदार निघून जातो, बांधलेले डोळे तसेच राहतात आणि पुढे जो कोणी येईल त्याला मोकळं रान. साइटचे पत्ते वळवता येणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये तीन अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्तेही ०.०.०.० कडे वळवलेले होते. आत्याने मागे अँटिव्हायरस विकत घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा "साइटच उघडत नव्हती", त्याचं कारण हे.

एक्सक्लूजन उडवलं, टॅम्पर प्रोटेक्शन चालू केलं, होस्ट्स फाइल साफ केली, व्हायरस ओळखायच्या व्याख्या अद्ययावत करण्यापुरती नेटची केबल जोडली. दोन मिनिटांत हॅकटूल ऑटोकेएमएस (तो अॅक्टिव्हेटर) आणि एक कॉइनमायनर (तो नाणी खणणारा) अशी नावं लाल अक्षरांत आली. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, त्यामुळे कोणाला लपायला वेळ मिळत नाही. पाव तासात एक फाइल अजून सापडली.

पंखा गप्प. आत्या खूश. मी नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रपाळीनंतर लिहितोय. आज विंडोज १० चा मोफत आधार संपला.

ठरवलं ते असं. डिस्क साफ दिसते, पण चार वर्षं डोळे बांधलेल्या यंत्रावर मी विश्वास ठेवणार नाही. जे सापडलं ते काढलं. न सापडलेल्याचं काय? सरळ नवीन डिस्क, नवीन विंडोज. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. विंडोजऐवजी लिनक्स मिंटचा विचार केला, मला स्वतःला तेच आवडलं असतं. पण टायपिंगची सवय, प्रिंटर आणि विंडोजही एकदम बदललं तर हंगाम बुडेल. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जच्या बॅकअपला होकार दिला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एक वर्ष सुटलं. पुढच्या दिवाळीचं पुढच्या दिवाळीला.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

२५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घेतली. दुकानात सोन्याइतकी गर्दी नव्हती.

विंडोजचा पेनड्राइव्ह परवाच माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनाने बनवला होता. जुनी डिस्क काढून नवी बसवली. बसवताना किल्ली विचारली तेव्हा "माझ्याकडे नाही" दाबलं आणि प्रो निवडलं. म्हटलं, अस्सल परवाना घ्यायचा तर किती खर्च येईल ते नंतर बघू.

तासाभराने केबल जोडली, सहज अॅक्टिव्हेशन बघितलं. "विंडोज डिजिटल लायसन्सने अॅक्टिव्हेट झालेलं आहे."

दोनदा वाचलं. हे यंत्र पूर्वी ज्या कंपनीत होतं तिथे त्यावर अस्सल विंडोज १० प्रो चाललेलं असणार, आणि त्या परवान्याची नोंद मदरबोर्डच्या ओळखीवर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तशीच राहिली. म्हणजे दुकानदाराने नुसतं साधं विंडोज टाकून नेट जोडलं असतं तरी ते आपोआप अस्सल झालं असतं. त्याने सवयीने अॅक्टिव्हेटर मारला. फुकट मिळत असलेल्या गोष्टीसाठी चोरी, आणि चोरीसाठी घराचं दार उघडं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "त्याने त्याचे वेगळे पाचशे घेतले होते."

१९ ऑक्टोबर, रविवार

आज फक्त बंदोबस्त.

दोन खाती केली. "दुरुस्ती" नावाचं अॅडमिनिस्ट्रेटर, आणि आत्याचं साधं. दुकानातून आल्यापासून ती अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच वावरत होती, म्हणून एका "येस"वर वाटेल ते आत येत होतं. आता काही बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागेल. पासवर्ड कागदावर लिहून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवला. कागदावर पासवर्ड लिहू नये असं म्हणतात, पण जून महिन्यातला तो गोड बोलणारा माणूस रेशनकार्डापर्यंत पोचणार नाही.

साधं खातं म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. काही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतात, त्यांना अॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. ब्राउझरच्या नोटिफिकेशनलाही लागत नाही. म्हणून फायरफॉक्स टाकला, त्यात नव्या नोटिफिकेशनच्या विनंत्या सरसकट बंद केल्या, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, यूब्लॉक ओरिजिन, बसवलं. फॉन्टचं तेच पान मुद्दाम पुन्हा उघडलं. पाच हिरव्या बटणांपैकी चार गायब, उरलेलं एक खरं. जाहिराती अडवणं हे सोयीसाठी आहे असं लोक समजतात. आत्यासारख्या वापरणाऱ्यासाठी ते अँटिव्हायरसच्याही आधीचं कुंपण आहे असं माझं मत झालंय. क्रोम टाकलंच नाही, कारण यूब्लॉक ओरिजिन तिथे आता मूळ रूपात चालत नाही.

डिफेंडरमध्ये नको असलेल्या अॅप अडवायच्या दोन्ही चौकटींवर खूण. दुसरा अँटिव्हायरस नाही. राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) ९.९.९.९ केला. क्वाड-नाइन ही सेवा घातक म्हणून माहीत असलेल्या पत्त्यांना उत्तरच देत नाही. ऑफिस चोरीचं होतं, त्याजागी लिब्रेऑफिस. वाढीव अपडेटची नोंदणी झाली.

जुन्या डिस्कवरून फक्त मजकूर, फोटो आणि टीटीएफ फॉन्ट उचलले, तेही आधी स्कॅन करून. एकही ईएक्सई नाही. बॅकअपसाठी तिची बाहेरची डिस्क, रविवारी जोडायची, संपलं की काढून कपाटात. याचं महत्त्व तिला पटवावं लागलं नाही. पुरात सगळ्या फाइली गेल्या, आणि प्रेसला मेल केलेल्या तेवढ्याच वाचल्या, हे ती विसरलेली नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

बाबांना घेऊन आलो. जेवणानंतर कीबोर्डचा प्रश्न.

मुळात हा सगळा उपद्व्याप फॉन्टमुळे झाला, तेव्हा तो प्रश्न न सोडवता निघालो तर डिसेंबरात पुन्हा यावं लागणार. प्रेसवाल्याशी बोललो. तो म्हणाला, युनिकोडमध्ये पाठवा, मी इकडे बदलून घेतो, मी काकूंना कधीच सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, तर विंडोजमध्येच आहे, भाषेत मराठी जोडलं की झालं. काही डाउनलोड करायलाच नको.

पण आत्याने मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली. तिची बोटं ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडेच उमटायची. युनिकोडला अक्षर आधी हवं, वेलांटी मागून. विंडोजच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये तिने "किरण" टाइप करायला घेतलं. पहिल्याच फटक्याला स्क्रीनवर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, त्याला टांगलेली वेलांटी.

"हे काय भोपळ्यासारखं?"

"अक्षराची वाट बघतंय ते."

"मग मी पण बघते." आणि हात मांडीवर घेऊन बसली.

फोनेटिक कीबोर्ड दाखवला, २०१९ पासून विंडोजमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची कल्पनाच तिला आवडली नाही. शेवटी इन्स्क्रिप्टच ठरलं. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, हे तिला शिस्तीचं वाटलं. तक्ता मोठ्या अक्षरांत छापून मॉनिटरच्या बाजूला चिकटवला. पहिली ओळ लिहायला सहा मिनिटं लागली: "श्री गजानन प्रसन्न". त्यात तीन भोपळे.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीन आठवड्यांत घरघर नाही, लाल चौकट नाही. डिफेंडरच्या इतिहासात एक नोंद, व्हॉट्सअॅप वेबवरून आलेली झिप फाइल अडवलेली. बॅकअपच्या डिस्कवर तिन्ही रविवारच्या तारखा आहेत.

नऊ पत्रिका आणि मंडळाचा अहवाल युनिकोडमध्ये गेला. वेग अजून पूर्वीच्या निम्माच आहे, असं ती रोज फोनवर ऐकवते.

बुधवारी दुपारी मात्र वेगळा फोन. "त्याने पासवर्ड मागितला. मी 'नको' दाबलं." शाबास म्हटलं. गुरुवारी पुन्हा मागितला, पुन्हा नको. शुक्रवारी मी विचारलं, नाव काय दिसतंय त्या खिडकीत, वाच. तिने एकेक अक्षर वाचलं. तिच्याच प्रिंटरच्या कंपनीचं, सहीसकट. नवीन कार्ट्रिज टाकल्यापासून त्याला स्वतःला अद्ययावत करायचंय, आणि ते होईपर्यंत स्कॅनिंग बंद.

"मग देऊ का पासवर्ड?"

"फोनवर कोणी सांगितलं तर द्यायचा नाही असं मीच सांगितलंय ना."

"म्हणून तर विचारतेय."

आज जाऊन टाकून आलो. स्कॅनर चालू. यूपीएसची बॅटरी अजून बदलायची आहे.